संगणकाच्या नोंदीत प्रणालीची व कर्नेलची आवृत्ती

शाळेच्या जडवस्तुसंग्रह नोंदवहीत संगणकाची किंमत, क्रमांक व खरेदीची तारीख आपण न चुकता लिहितो. परंतु त्यात कोणती कार्यप्रणाली चालते, हे बहुधा कोठेच लिहिलेले आढळत नाही. यंत्र नीट चालते तोवर ही उणीव जाणवतही नाही.

छपाईयंत्र, वायफाय, प्रोजेक्टर यांच्याशी संगणकाने व्यवहार कसा करावा हे ठरविणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, याच्याशी तिचा निकटचा संबंध असतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्स कर्नेलची अंतर्गत रचना वारंवार बदलते. कर्नेलमध्येच समाविष्ट असलेले ड्रायव्हर तिच्याबरोबर सुधारले जातात. बाहेरून आणून बसविलेला ड्रायव्हर मात्र ज्या आवृत्तीसाठी सिद्ध केला, तिच्यापुरताच राहतो.

प्रस्तुत लेखकाच्या शाळेत वायफायसाठी असाच बाहेरचा ड्रायव्हर घातला होता. एके दिवशी सकाळी वायफाय बंद! मुले चित्रफितीची वाट पाहत बसलेली, आणि आम्ही तारा व राउटर तपासण्यात दोन तास घालविले. वस्तुतः आदल्या दिवशी सुरक्षा-सुधारणेबरोबर नवा कर्नेल बसला होता व ड्रायव्हर जुन्याच्या कप्प्यात राहिला होता. यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून जुना कर्नेल निवडताच काम भागले. मात्र त्याचा क्रमांक अंदाजाने शोधावा लागला. पुढे नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर पुन्हा सिद्ध करून घेतला.

केवळ ‘उबुंटू २२.०४’ एवढे लिहून भागत नाही. हा क्रमांक एप्रिल २०२२ च्या प्रकाशनाचा होय. आरंभी त्यात ५.१५ कर्नेल होता. पुढे त्याच २२.०४ वर ६.८ ही मिळू लागला. म्हणून टर्मिनलमध्ये ‘युनेम’, एक जागा सोडून आडवी रेघ व ‘आर’ ही अक्षरे इंग्रजीत टंकित करावीत. ‘५.१५.०-९१-जेनेरिक’ असे काही उमटेल, ते जसेच्या तसे उतरवावे. यातील ९१ देखील गाळू नये. आमचा घोटाळा अशाच शेवटच्या अंकाने केला. विंडोज असल्यास ‘विनव्हर’ ही आज्ञा देऊन आवृत्ती व बिल्ड क्रमांक लिहावा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही तेथेच नमूद करावे.

शेजारी उपकरणाचे नाव, ड्रायव्हरची आवृत्ती व तारीख असावी. सुधारणा झाल्यावर जुनी ओळ खोडू नये. खाली नवी लिहावी, कारण परतावयाचे झाल्यास जुनाच क्रमांक लागतो.