अवकाळी गारा : कारण आणि कर्तव्य

आमच्या महाराष्ट्रांत हिम पडत नाहीं. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं कडक थंडीच्या एखाद्या पहांटे दंव गोठून गवत पांढरें होतें, एवढेंच काय तें आमच्या वांट्याचें. म्हणून सन २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, नाशिक, सोलापूर इत्यादि भागांत जें झालें, तें पाहणारांस खरें वाटेना. उन्हाळ्याच्या तोंडावर शिवारें पांढरीं झालीं. काढणीस आलेला गहूं आडवा झाला, हरभरा मातींत गेला, द्राक्षांचे घड फुटले. पांखरें व गुरें मेलीं. ठरलेलें लग्न, सावकाराचा वायदा, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, असे पिकाच्या भरंवशावर केलेले सर्व बेत घटकाभरांत मोडले.

अशा वेळीं गांवांत दोन प्रश्न उठतात : हें कशानें झालें? आणि हें कोणामुळें झालें? पहिल्याचें उत्तर ज्यास नीट देतां येतें, त्यालाच दुसऱ्यानें होणारा अनर्थ थांबवितां येतो. म्हणून हा पाठ.

१. हिम व गार यांतील भेद. थंड मेघांतील वाफ पाणी न होतां एकदम गोठते व तिचे षट्कोनी नाजूक कण बनतात, तें हिम. जमिनीपर्यंत हवा थंड असेल तरच तें हिमरूपानें खालीं पोहोंचतें, नाहींतर वाटेंत विरघळतें. गारेची रीत निराळी आहे. दहा किलोमीटरांहून उंच चढलेल्या वादळी मेघांत वर जाणारा वारा फार जोराचा असतो. तेथें शून्य अंशाखालीं जाऊनहि न गोठलेले जलबिंदु असतात. ते बर्फाच्या लहान कणास चिकटून गोठतात, आणि कण थरावर थर घेत वाढतो. वाऱ्यास त्याचा भार पेलेनासा झाला म्हणजे तो खालीं पडतो. मोठी गार मधोमध कापून पाहावी. पुष्कळदां कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. ती जड असून वेगानें येते, म्हणून उन्हाळ्यांतहि वाटेंत विरघळून संपत नाहीं.

२. फाल्गुन-चैत्रांतच कां? त्या दिवसांत जमीन तापूं लागते, समुद्रावरून ओलसर वारे येतात, आणि उत्तरेकडील हवेच्या फेऱ्यामुळें उंचावर थंड हवा असते. खालीं उष्ण व ओलें, वर थंड, असा योग आला कीं मेघ झपाट्यानें वर चढतात.

३. दोष कोणाचा? गारांचा पट्टा बहुधा अरुंद असतो. मेघाचा गाभा ज्या वाटेनें जातो तेवढीच वाट झोडपली जाते. म्हणून बांधाच्या अलीकडचें शेत जातें व पलीकडचें राहतें. हें न समजल्यामुळें कोणी नव्या सुनेच्या पायगुणास बोल लावतो, कोणी विधवेस, तर कोणी म्हणतो, “यांनीं गांवदेवीचा नैवेद्य सोडला, म्हणून गांवावर हें आलें.” हें ऐकून आम्हांस दुःख होतें. परंतु आमचें शेत वांचलें असतां “हें आमच्या भक्तीचें फळ” असें आम्हीं म्हणूं लागलों, तर आमची चूक त्याच जातीची नव्हे काय? ईयोबाच्या मित्रांनीं त्याच्या विपत्तीवरून त्याचें पाप ताडलें, आणि शेवटीं दोषी तेच ठरले. त्याच पुस्तकांत (३८:२२) देव ईयोबास हिमाच्या व गारांच्या भांडारांविषयीं विचारतो. त्या भांडारांच्या किल्ल्या कोणा शेजाऱ्याच्या कनवटीस नाहींत.

४. आपलें कर्तव्य. प्रथम जीव राखावा. ३० एप्रिल १८८८ रोजीं मुरादाबादेजवळ गारांच्या वादळांत २४६ माणसें दगावलीं, अशी जागतिक हवामान संघटनेची नोंद आहे. मेघ गडगडूं लागतांच पक्क्या घरांत जावें. झाडाखालीं उभें राहूं नये, कारण गारांचे मेघ बहुधा विजेचेहि असतात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचें ‘दामिनी’ हें मोबाईलवरील साधन विजेची पूर्वसूचना देतें. मंडळींत एकाजवळ तरी तें असावें.

नंतर तलाठ्यास त्वरित कळवावें, व पंचनाम्यापूर्वीं शेत साफ न करतां त्याचें छायाचित्र घ्यावें. येथें एक गोष्ट विसरूं नये. सरकारी मदत बहुधा सातबाऱ्यावर ज्याचें नांव त्यास मिळते. वाटेकऱ्याचें बी व घाम गेला तरी त्याचें नांव तेथें नसतें, आणि मजुराची तर सबंध काढणीची मजुरी बुडते. गारा सर्वांवर पडल्या, मदत मात्र सर्वांस नाहीं. म्हणून उपदेशक बंधूंनीं अर्ज लिहून देतांना प्रथम अशांच्या दारीं जावें, आणि ज्याचें शेत वांचलें त्यानें आपल्या खळ्यांतील पायलीभर धान्य बाजूस काढावें, मग तें घर आपल्या मंडळींतलें असो वा नसो.

विचारण्यासाठीं प्रश्न : (१) गार उन्हाळ्यांतहि कां विरघळून संपत नाहीं? (२) एक शेत जातें व शेजारचें राहतें, याचें कारण काय? (३) आपल्या गांवांत सातबाऱ्यावर नांव नसलेलीं कुटुंबें किती आहेत, व त्यांची विचारपूस कोण करील?