नाव छापलं नाही, तरी ओळख पटली

जुलै २०२५ मध्ये शहापूरचं नाव देशभरच्या पेपरांत आलं. तिथल्या एका शाळेत बाथरूममध्ये रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींना पाळीबद्दल विचारून, कपडे काढायला लावून तपासलं, असा आरोप झाला. पालक चिडले, पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. ही बातमी छापायलाच हवी होती, यात वाद नाही.

पण मित्रांनो, अनेक बातम्यांत शाळेचं नावही होतं. पोक्सोचं कलम २३ वाचा. पीडित मुलाचं नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहितीच नव्हे, तर शाळा आणि परिसरसुद्धा मीडियात देता येत नाही, जर त्यावरून ओळख पटत असेल तर. मुलाच्या हिताचं असेल तरच विशेष न्यायालय कारणं लिहून परवानगी देऊ शकतं. नियम मोडला तर सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पेपरचा मालकही जबाबदार.

शाळेत एवढ्या मुली, त्यातली एक कशी ओळखणार, असं कोणी म्हणेल. मुंबईत हे पटेल. शहापूर-मुरबाडकडे मात्र शाळा आणि इयत्ता कळली, वर पाड्याचं नाव आलं, की एसटी स्टँडवरचा माणूससुद्धा घर दाखवेल. नाव लपवून उपयोग काय?

दुसरी बाजूही खरी आहे. शाळेचं नाव दिलं नाही तर तालुक्यातल्या सगळ्याच शाळांवर संशय येतो. तरी माझं मत असं, की शाळा खुलासा करू शकते, तेरा वर्षांची मुलगी काय खुलासा करणार?

सुप्रीम कोर्टाने १९९४ साली राजगोपाल खटल्यात (ऑटो शंकरचं प्रकरण) सांगितलं, की सरकारी किंवा कोर्टाच्या रेकॉर्डमधली माहिती प्रेस छापू शकते. पण लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीचं नाव त्यातून वगळलं. पुढे २०१७ साली पुट्टास्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. म्हणजे कोणी काय केलं, गुन्हा कुठला लागला, तपास कुठवर आला, हे सगळं लिहा. सोसणाऱ्या मुलीपर्यंत जाणारी वाट तेवढी लिहू नका.

आणि हो, कलम २३ ची सुरुवात ‘कोणतीही व्यक्ती’ अशी आहे. फक्त पत्रकार नाही. होस्टेलच्या ग्रुपवर असा व्हिडिओ आला, तर फॉरवर्ड करण्याआधी हे दोन शब्द आठवा.