वाटाड्यासह एक दिवस : अर्नाळ्याच्या नौकासहलीचा अभ्यास

(द्वितीय वर्ष बी. ए., इतिहास)

'सहल' हा शब्द वर्गात उच्चारला की सर्वांचे चेहरे खुलतात आणि त्याच्याआधी 'अभ्यास' हा शब्द जोडला की ते पुन्हा पूर्ववत होतात. वास्तविक या दोन शब्दांत वैर असण्याचे काही कारण नाही. एखादे स्थळ नीट पाहायचे ठरविले तर अभ्यास आपोआप घडतो. पण नीट पाहायचे म्हणजे काय, हे मात्र कोणीतरी शिकवावे लागते. प्रस्तुत लेखात एका विशिष्ट प्रकारच्या सहलीचा विचार करावयाचा आहे. ती म्हणजे एका दिवसात आटोपणारी, होडीने जाण्याची आणि वाटाड्याच्या सोबतीने करावयाची सहल. उदाहरण आपल्या घराजवळचेच घेतले आहे : अर्नाळ्याचा किल्ला.

अशा सहलींसाठी युरोपात इटलीमधील सरोवरांचे मोठे नाव आहे. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेले कोमो सरोवर हे त्यांपैकी एक. त्याला तीन फाटे आहेत, त्याची खोली चारशे मीटरहून अधिक आहे, आणि तीन फाटे जेथे मिळतात तेथे बेलाजिओ नावाचे गाव आहे. मिलान शहरातून सकाळी निघालेला प्रवासी आगगाडीने सरोवराच्या काठी येतो, तेथून बोटीत बसतो, वाटाड्या त्याला काठावरचे जुने वाडे, बागा आणि देवळे दाखवितो आणि संध्याकाळी तो मिलानला परत येतो. विशेष म्हणजे या सरोवरावरील नियमित बोटसेवा सरकारी यंत्रणेमार्फत चालते आणि त्याच बोटीतून पाहुणे व काठच्या गावांतील रहिवासी असे दोघेही प्रवास करतात. सरोवराला भरती-ओहोटी जाणवण्याइतकी नसते. त्यामुळे बोटीचे वेळापत्रक छापून धक्क्यावर लावता येते.

हे वर्णन वाचून आपल्याला हेवा वाटणे साहजिक आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इटलीतील नेपल्सचा प्रवासी जेमेल्ली कारेरी जगाची सफर करीत असताना १६९५ मध्ये आपल्या वसईला येऊन गेला. त्या वेळी वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्याने येथील पाहिलेल्या गोष्टी लिहून ठेवल्या आणि त्या पुढे छापल्याही गेल्या. इतक्या दुरून आलेला माणूस आपला मुलूख पाहून गेला. आणि आमच्या वर्गात मात्र, विरार स्थानकापासून बसने जेमतेम अर्ध्या तासावर असलेला अर्नाळ्याचा किल्ला निम्म्याहून अधिक मुलांनी पाहिलेला नव्हता. तेव्हा हेवा करण्यापूर्वी घराजवळचे पाणी ओलांडून पाहावे, हे बरे.

पाण्याचे वेळापत्रक

कोमो सरोवराची सहल आणि अर्नाळ्याची सहल यांतील पहिला फरक पाण्याचा. अर्नाळ्याला वेळापत्रक धक्क्यावर लावलेले नसते, ते आकाशात असते. समुद्राला दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते हे आपण शाळेत शिकलो. परंतु ती किती वाजता येईल हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. आमच्या होडीच्या तांडेलकाकांनी मात्र घड्याळाकडे न पाहता ते सांगितले. त्यांचा हिशेब सोपा आहे. आजची तिथी घ्यावी, तिला तीनने गुणावे आणि चाराने भागावे. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. आमची सहल वद्य चतुर्थीला होती. चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती. म्हणून त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊला, ओहोटी.

या हिशेबात तिथीमागे पाऊण तास, म्हणजे पंचेचाळीस मिनिटे धरली आहेत. भूगोलाच्या पुस्तकात हाच फरक रोज सुमारे पन्नास मिनिटांचा दिला आहे. त्याचे कारण असे की, पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करीपर्यंत चंद्र आपल्या मार्गावर थोडा पुढे सरकलेला असतो आणि त्याला गाठण्यासाठी पृथ्वीला आणखी सुमारे पन्नास मिनिटे फिरावे लागते. पुस्तकातला आकडा आणि तांडेलकाकांचा आकडा यांत अवघ्या पाच मिनिटांचा फरक आहे. पुस्तक न उघडता बांधलेले हे शास्त्र आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असते. त्या वेळी पाणी खूप चढते आणि खूप उतरतेही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या मोठ्या भरत्या साडेचार मीटरच्या वर जातात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. सहलीचा दिवस ठरविताना हे पाहणे अगत्याचे आहे. पावसाळ्यात तर जाऊच नये; १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीचीही बंदी असते, यावरून समुद्राचे त्या दिवसांतील रूप ओळखावे. आम्हांला चतुर्थी सोयीची पडली. जाताना ओहोटी आणि येताना भरती, अशी पाण्याची दोन्ही रूपे एका दिवसात पाहावयास मिळाली. फक्त संकष्टी असल्यामुळे निम्म्या वर्गाचा उपवास होता आणि कोळीवाड्यातील वाळत्या बोंबलांच्या ओळींमधून त्यांना नाक मुठीत धरून चालावे लागले, एवढेच!

वाऱ्याचीही हीच गोष्ट. कोमो सरोवरावर सकाळी उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याला तिवानो आणि दुपारी दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याला ब्रेवा म्हणतात. आपल्याकडे रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा आणि दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा वारा. होडीला पूर्वी शीड होते तेव्हा मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे, हा मच्छीमारांचा नित्यक्रम होता. आता होडीला मशीन आहे. पण वाऱ्याची नावे अजून तोंडी आहेत.

पाण्यावरून पाहिलेला किल्ला

किल्ला जमिनीवरून पाहिला तर भिंत दिसते. पाण्यावरून पाहिला तर तिचे प्रयोजन दिसते. अर्नाळ्याच्या बंदरावरून होडी निघाली की दहा-पंधरा मिनिटांत बेट येते. एवढ्या अल्प वेळात वाटाड्याने एकच गोष्ट दाखवावी : उत्तरेकडे पसरलेले वैतरणा नदीचे मुख. पलीकडच्या तीरावर दातिवरे. समुद्रातून वैतरणेच्या खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला या बेटाच्या नजरेखालून जावे लागे. किल्ला येथे का, या परीक्षेतील प्रश्नाचे उत्तर होडीत बसल्याबरोबर मिळते.

या बेटावर गुजरातच्या सुलतानांच्या काळात १५१६ मध्ये किल्ला बांधला गेला असे सांगतात. त्याच शतकात तो पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या उत्तर कोकणच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला, आणि दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, वसईही पडली. आज दिसतो तो किल्ला मुख्यतः मराठ्यांनी उभारलेला आहे. उत्तरेकडील महाद्वाराच्या दोन्ही बाजूंस भक्कम बुरूज आहेत, कमानीवर वाघ, हत्ती व वेलबुट्टी कोरलेली आहे आणि वर देवनागरी शिलालेख आहे. पाश्चात्त्यांचा पाडाव करून समुद्राच्या उदरात त्वरेने जंजिरा बांधावा, अशी आज्ञा बाजीरावांनी शंकर यांस दिली, असा त्याचा आशय आहे. शिलालेख वाचताना घाई करू नये. आमच्यापैकी प्रत्येकाने एकेक अक्षर लावले, तेव्हा कोठे ओळ लागली; आणि वर्गात तीनदा वाचूनही न राहिलेले साल त्या दिवशी कायमचे लक्षात राहिले.

आत अष्टकोनी तलाव आहे, त्र्यंबकेश्वराचे मंदिर आहे, भाजीपाल्याचे मळे आहेत. चोहीकडे खारे पाणी असताना येथे गोडे पाणी मिळते. बेटावर शिबंदी ठेवता आली ती त्याच्या जोरावर, हे लक्षात घ्यावे. तटाबाहेर कालिकामातेचे मंदिर आहे आणि किल्ल्यापासून सुटा असा एक गोल बुरूज आहे. १७८१ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांना परत मिळाला आणि पेशवाईच्या अखेरीस तो कायमचा इंग्रजांकडे गेला. इतका इतिहास पाहावयास दोन तास पुरतात.

वाटाड्या कोण ?

येथवर जे लिहिले ते कोणत्याही माहितीपुस्तकात थोड्याफार फरकाने मिळेल. पण माझ्या मते सहलीचा खरा प्रश्न पुढेच आहे. हे सर्व सांगणार कोण?

बहुतेक ठिकाणी वाटाड्या म्हणजे बाहेरून आलेला मनुष्य असतो. त्याला सनावळ्या पाठ असतात. पण पाणी ठाऊक नसते. आमच्या सहलीत योगायोगाने दोन वाटाडे लाभले. पाण्यावर तांडेलकाका, आणि किल्ल्यात आमच्याच वर्गातील एक मुलगी, जिचे घर बेटावरच आहे. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसते आणि क्वचितच बोलते. त्या दिवशी मात्र ती पुढे चालत होती आणि आम्ही मागे. कोणत्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही, डोल जाळे कोठे लावतात, समुद्राने किनारा खात खात कोठवर आणला आहे, हे तिने दाखविले. सरांनी शिलालेखाचा अर्थ सांगितला तेव्हा तीही आमच्याइतकीच लक्ष देऊन ऐकत होती. लहानपणापासून त्या दरवाजातून ये-जा केली, पण वरच्या ओळीत काय लिहिले आहे ते आज कळले, असे ती म्हणाली.

या वाक्यात मला दोन गोष्टी दिसल्या. जे पुस्तकात आहे ते बेटावर पोहोचलेले नाही. आणि जे बेटावर आहे ते पुस्तकात आलेले नाही. या दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे महाविद्यालयात शिकणारा बेटावरचा विद्यार्थी.

दुसरी एक गोष्ट परतीच्या वेळी कळली. आम्हांला होडी ही मौज होती. बेटावरच्या लोकांना ती रस्ता आहे. आमच्याबरोबर होडीत मासळीच्या पाट्या घेतलेल्या मावश्या होत्या, औषध आणावयास निघालेले एक आजोबा होते. सकाळी ओहोटीला आम्ही गुडघाभर पाण्यातून चालत होडी गाठली, तेव्हा आमच्यात हशा पिकला होता. त्याच पाण्यातून आमची ही मैत्रीण वह्या डोक्यावर धरून महाविद्यालयात येते. पाणी अनुकूल नसले की तिचा पहिला तास चुकतो आणि हजेरीपटावर गैरहजेरी लागते. तिथीप्रमाणे वेळ रोज पुढे सरकते. हजेरीपट मात्र सरकत नाही. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे एका तासाची किंमत घरच्यांना समजावून सांगणे किती कठीण असते याची मला कल्पना आहे. तिच्या घरीही ती पहिलीच आहे.

वसई-विरार परिसरात जलमार्गाचे दिवस पुन्हा येत आहेत. वसई ते भाईंदर ही वाहने नेणारी फेरीबोट २०२४ मध्ये सुरू झाली, आणि त्यानंतर २०२५ मध्ये विरारजवळच्या मारंबळपाड्याहून वैतरणा खाडीपलीकडे सफाळ्याच्या बाजूसही तशी सेवा सुरू झाली. पाहुणे वाढतील, होड्या वाढतील. अशा वेळी कोमो सरोवरापासून घेण्याजोगा धडा म्हणजे पाहुणा आणि रहिवासी यांनी एकच बोट वापरावी, पण पाहुण्यामुळे रहिवाशाची जागा जाऊ नये. रविवारी सहलीला गेलेल्यांनी आधी बेटकरांना होडीत बसू द्यावे, ही गोष्ट कायद्याने नव्हे, तर वाटाड्याने शिकवावी.

उपसंहार

या अभ्यासावरून तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, इतिहास मंडळाने दरवर्षी अर्नाळ्याची एक सहल काढावी आणि तिची तारीख दिनदर्शिकेतील सुट्टी पाहून नव्हे, तर तिथी पाहून ठरवावी. दुसरी, किल्ल्यावरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांनी शिलालेख, सनावळी व वास्तू यांचे शिक्षण देऊन वाटाडे म्हणून तयार करावे. बाहेरच्या शाळांच्या सहली आल्या तर त्यांना चार पैसेही मिळतील आणि पाहुण्यांना पाणी व किल्ला या दोहोंची ओळख होईल. तिसरी सूचना प्राध्यापकवर्गास नम्रतापूर्वक : बेटावरील विद्यार्थ्यांची हजेरी घेताना त्या दिवसाची तिथीही पाहावी. गुणाकार-भागाकार अगदी सोपा आहे. तो वर सविस्तर दिलाच आहे.