आधी रीडिंग, मग रडणं

बाळा, बिल पाहून फोनवर तू जो सूर लावलास, तो ऐकून मला वाटलं घरावर जप्तीच आली. खाली बस, पाणी पी आणि तो कागद पुन्हा हातात घे. तू त्यातली फक्त खालची रक्कम वाचलीस, आणि रक्कम तर बिलात सगळ्यात शेवटी वाचायची असते. सांगते तसं एकेक करत जा. मी महावितरणच्या बिलाला धरून बोलतेय. मुंबईत बेस्टचं, अदानीचं किंवा टाटा पॉवरचं बिल येत असेल तर मांडणी वेगळी दिसेल, शोधायचं मात्र हेच.

१. रकमेआधी युनिट बघ, आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघ — मे महिन्याचं बिल जानेवारीशी ताडलंस तर उगाच घाबरशील. युनिट तेवढेच आणि रक्कम मात्र वाढलेली, असं असेल तर पंख्या-फ्रिजला दोष देऊ नकोस. थकबाकी, दर नाहीतर इंधन समायोजन आकार बघ.

२. बिल घेऊन मीटरपाशी जा — मीटरवरचा आजचा आकडा बिलातल्या ‘चालू रीडिंग’पेक्षा कमी निघाला, तर चूक तिथल्या तिथे सिद्ध झाली. पडद्यावर आकडे फिरत राहतात. केडब्ल्यूएच लिहिलेला धर, व्होल्टेजचा नको. लगेच फोटो काढ.

३. मीटरचा क्रमांकही बिलाशी जुळव — नव्या इमारतीत एका फळीवर वीस-पंचवीस मीटर असतात आणि जोडताना अदलाबदल होते.

हे तिसरं तुम्ही मुलं कधीच करत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. क्रमांक जुळला तरी त्या मीटरमधून वीज तुझ्याच घरात येते, हे त्याने ठरत नाही. कुणाला तरी मीटरपाशी उभं कर आणि तू वर घरातला मेन स्विच बंद कर. मीटरवरचा लुकलुकणारा दिवा थांबायला हवा. तुझं घर अंधारात आणि तुझ्या नावाचं मीटर मजेत चालू असेल, तर तू शेजाऱ्याचं बिल भरतोयस, नाहीतर मीटरपासून घरापर्यंतच्या वायरीत कुठेतरी गळती आहे. काही मीटरवर ‘अर्थ’ किंवा ‘ईएल’ लिहिलेला छोटा लाल दिवा असतो. तो लागलेला दिसला तर वीज जमिनीत उतरतेय किंवा तुझा न्यूट्रल दुसऱ्याच्या न्यूट्रलशी मिसळलाय. अशा वेळी परवानाधारक वायरमन बोलाव. स्वतः पेचकस घेऊन फळीपाशी जायचं नाही, ही माझी सक्त ताकीद.

४. रीडिंगच्या जागी ‘लॉक’, ‘फॉल्टी’ किंवा ‘आरएनए’ छापलंय का बघ — तसं असेल तर ते बिल सरासरीचं, म्हणजे अंदाजाचं आहे. खरा हिशोब पुढच्या बिलात एकदम अंगावर येतो.

२०२० सालचं आठवतंय ना? मार्चच्या टाळेबंदीत रीडिंग घेणं थांबलं, बिलं हिवाळ्यातल्या वापराच्या सरासरीने निघत राहिली, आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग झालं तेव्हा अख्ख्या उन्हाळ्याचा फरक एकाच बिलात उतरला. राज्यभर ओरड झाली. असं साठलेलं बिल तुझ्याकडे आलं तर पहिला प्रश्न हा विचार, की स्लॅब महिन्यावार लावलाय का? घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. तीन महिन्यांचे ४५० युनिट एकाच महिन्याचे धरले तर त्यांतले ३०० च्या वरचे युनिट महाग टप्प्यात जातात. महिन्याला १५० धरले तर जात नाहीत. हा फरक तुझ्या हक्काचा आहे, मागून घे.

५. ‘शंभराच्या वर गेलं की सगळेच युनिट महाग होतात’ हे शेजारपाजारचं ज्ञान विसर — पहिले शंभर स्वस्त दरानेच लागतात, त्यापुढचे मात्र जवळपास दुपटीने. म्हणून वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात महाग टप्प्यातलं वाचतं, आणि थोडी काटकसरही बिलात चांगली दिसते.

६. दर संकेत वाच — घरगुतीच्या जागी वाणिज्यिक लागला असेल, तर वापर तोच राहून बिल फुगतं. आधीच्या भाडेकरूने तिथे क्लास किंवा दुकान चालवलं असेल तर हमखास बघ.

७. मीटर नुकतं बदललंय? जुन्याचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं रीडिंग लिहिलेला अहवाल मागून ठेव — या दोन आकड्यांची सांगड चुकली की हजारो युनिट कागदावर जन्माला येतात.

८. एप्रिल-मेच्या सुमारास वेगळं बिल आलं तर त्यावरचं शीर्षक नीट वाच — ते अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं असू शकतं. वर्षाचा वापर वाढला की ठेवही वाढवून मागतात. ती तुझ्याच नावावर राहते, तिच्यावर व्याज मिळतं, आणि ती हप्त्याने भरता येते.

एवढं करूनही कागद बरोबरच निघाला, तर आता घरात शोधायचं. आणि इथे, बाळा, तुझ्या घराचं मला थोडंफार ठाऊक आहे.

९. दोन हजार वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं — आंघोळीआधी दहा मिनिटं लाव आणि आत शिरताना बंद कर. मोबाइल बघत बघत तो तासभर तापत ठेवायचा नाही.

१०. पाण्याची मोटर कधी सुरू होते, कधी थांबते, एक दिवस कान देऊन ऐक — व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर पाणी खाली परततं आणि मोटर पुन्हा पुन्हा धावते. टाकीतून सांडे पाणी, मीटर मोजे नाणी.

११. एसी २४ वर ठेव आणि जाळी धू — ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार एकेक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १८ वर लावून वर रजई ओढणं ही काय तऱ्हा!

१२. फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघ — ती सहज सरकली तर दाराचं रबर गेलंय आणि कॉम्प्रेसर रात्रंदिवस दमतोय.

१३. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास — सगळे एकदम बदलू नकोस, जो दिवसभर फिरतो तो आधी बदल.

१४. टीव्ही रिमोटने बंद केलास तरी सेटटॉप बॉक्स जागाच असतो — बटण भिंतीवरचं दाब. झोपलेलं यंत्र, जागं मीटर.

आता समजा, चूक त्यांचीच आहे. तरी कार्यालयात आवाज चढवायचा नाही. समोरची मुलगी सकाळपासून तुझ्यासारख्या तीस जणांचं ऐकत बसलेली असते, आणि बिल तिने छापलेलं नसतं. मीटरचा फोटो, मागची बारा बिलं आणि एका पानाचा अर्ज शांतपणे पुढे ठेव.

१५. अर्ज लेखी दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का व तारीख घे — तोंडी तक्रार, वाऱ्यावर वार. १९१२ वर फोन केलास तर तक्रार क्रमांक लिहून घे.

१६. मीटरवरच संशय असेल तर तपासणीसाठी अर्ज कर, शुल्क भर आणि तपासणीच्या वेळी हजर राहा — अहवाल हातात असला की वाद उरत नाही.

१७. तक्रार केली म्हणून बिल भरणं सोडायचं नाही — वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये वाट आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरलीस की वाद मिटेपर्यंत तेवढ्यासाठी वीज तोडता येत नाही. ‘निषेध नोंदवून’ हे शब्द अर्जात स्पष्ट लिही.

१८. बिल बरोबर आहे पण एकरकमी झेपत नाही, तर मुदतीच्या आत जाऊन हप्ते माग — मुदत टळली की विलंब आकार चढतो, आणि नंतर मागणाऱ्याचं ऐकायला कुणाला घाई नसते.

१९. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ असा संदेश आला तर पुसून टाक — कायद्याने वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. अशा फोनवर सांगितलेलं ॲप घेतलं की बिल राहील बाजूला, खातं रिकामं होईल.

२०. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा, तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपालांकडे. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत — मंचापुढे वकील लागत नाही, तुझे कागद पुरतात. पण गाऱ्हाणं घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं.

२१. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाक — फोटोवर तारीख राहते, आणि तू विसरलास तर मी आठवण करून देईन. भाड्याच्या घरात शिरताना आणि सोडताना हा फोटो घरमालकाच्या देखत काढ.

२२. बिल दुरुस्त करून मिळालं की पुढची दोन बिलं पुन्हा नीट वाच — कार्यालयातल्या माणसाने पेनाने खोडलेली रक्कम संगणकातून खोडली गेली नसेल, तर ती थकबाकी होऊन व्याजासकट परत येते. दुरुस्तीचं ते पान निदान तोवर तरी फाइलमध्ये जपून ठेव.