सौरपंप बसविण्यापूर्वी पाण्याचा हिशेब करावा

पोलादपूर तालुक्यात पाऊस मुबलक पडतो. परंतु ते पाणी डोंगरउतारावरून वाहून सावित्री नदीस मिळते आणि चैत्र-वैशाखात वाड्यावस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचीही टंचाई भासते. भातकापणीनंतर बरीच जमीन पडीक राहण्याचे एक मुख्य कारण हेच होय.

पाणी उपसण्यास वीज लागते. कोळशाविना होणारी वीज रायगड जिल्ह्यास नवीन नाही. खोपोली येथे १९१५ साली, भिवपुरी येथे १९२२ साली व भिरा येथे १९२७ साली जलविद्युत केंद्रे सुरू झाली. तारापूर येथे १९६९ साली अणुवीज निर्माण होऊ लागली. तरीही राज्यातील बरीचशी वीज आजही कोळसा जाळूनच होते. त्यापासून धूर व राख होते, आणि खाणीतील साठाही अक्षय नाही. सूर्यप्रकाश मात्र शेतावरच मिळतो. पावसाळ्यात आकाश ढगाळ असते, पण तेव्हा पंपाची गरज नसते; पाणी हवे असते त्याच महिन्यांत ऊन कडक असते.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' या २०२४ च्या योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के ठरविण्यात आला. अडीच एकरांपर्यंतच्या जमिनीस ३ अश्वशक्तीचा पंप नेमलेला आहे.

तथापि, पंप पाणी उपसतो, निर्माण करीत नाही. विजेचे बिल येत नाही म्हणून तो दिवसभर चालविल्यास आपली विहीर तर आटतेच. शिवाय शेजारची पिण्याची विहीरही कोरडी पडण्याचा संभव असतो. यास्तव पुढील गोष्टी कराव्यात :

१. चैत्रात सायंकाळी विहिरीतील पाण्याची खोली मोजावी. पाणी न उपसता सकाळी पुन्हा मोजावी. रात्रीतून जेवढे पाणी चढले, तेवढ्याच बेताने पीक घ्यावे.

२. पाऊस सरताच वहाळावर श्रमदानाने वनराई बंधारा घालावा.

३. भाजीपाल्यास ठिबकने पाणी द्यावे.

४. सौर तावदाने दक्षिणाभिमुख, डोंगराची व झाडांची सावली पडणार नाही अशा जागी बसवावीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाचा अनुभव ताजा आहे. म्हणून सांगाडा भक्कम असावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज भरून घेण्यापूर्वी विहीर स्वतः पाहावी. आधी बंधारा, मग पंप, हा क्रम पाळल्यास पीकही येईल आणि वाडीची तहानही भागेल.