गावचे दप्तर आणि दूरची कोठी

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाचे नाव निघताच २ जानेवारी १९४३ या दिवसाचे स्मरण होते. भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना येथे वीरमरण आले. शहापूर-मुरबाडच्या याच डोंगरपट्टीतील आदिवासी शेतकऱ्याची भिस्त आज कागदावर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये जमिनीवरील ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असल्याचे दाखवावे लागते. त्यासाठी गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरला जातो. जबाब देणारी व्यक्ती निवर्तल्यावर हरवलेला जबाब पुन्हा मिळावयाचा कोठून?

कागद भिजतो, त्याला वाळवी लागते, तो जळतोही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत अनेक नस्त्या भस्मसात झाल्या. म्हणूनच कागदांच्या प्रतिमा इंटरनेटवरील साठवण सेवेत ठेवण्याचा प्रघात वाढत आहे. ही सेवा म्हणजे भाड्याने घेतलेली दूरची कोठी होय. कोठी मजबूत असली, तरी किल्ली सांभाळणे आपल्याच हाती असते. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक यंत्रणेवर खंडणीखोर सायबर हल्ला होऊन कामकाज विस्कळीत झाले होते. मोठ्या संस्थांवरही असा प्रसंग येतो, हे ध्यानी घ्यावयास हवे.

यास्तव काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. पहिले पथ्य किल्लीचे. पासवर्ड लांब असावा, तो अन्यत्र वापरू नये आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू ठेवावी. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये. दुसरे पथ्य मालकीचे. दप्तर कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्यात ठेवल्यास त्याच्या बदलीबरोबर तेही जाते. म्हणून खाते कार्यालयाच्या नावे असावे व कार्यभार देताना त्याची नोंद व्हावी. तिसरे पथ्य वाटपाचे. 'लिंक असलेल्या कोणासही पाहता येईल' अशी मुभा दिल्यास लाभार्थ्यांचे आधार व बँक तपशील उघड्यावर पडतात. परवानगी नेमक्या व्यक्तीस द्यावी आणि काम संपताच काढून घ्यावी.

आणखी एक गैरसमज दूर व्हावयास हवा. फोन व दूरची कोठी परस्परांशी जोडलेली असल्यास एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडूनही नाहीशी होते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवसच राहते. तेव्हा जोडणी म्हणजे राखीव प्रत नव्हे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा जाणकारांचा संकेत आहे. डोंगराळ भागात रेंज नसते, तेव्हा कार्यालयातील हार्डडिस्कवरील प्रतच उपयोगी पडते. राखीव प्रत उघडते किंवा नाही, हेही अधूनमधून पाहावे.

२०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये संबंधित विभागाने थेट दिलेला दाखला कायद्याने मूळ दाखल्यासमान मानला जातो. आपण स्वतः चढविलेल्या छायाप्रतीस तो दर्जा नाही. म्हणून मूळ कागद जपलाच पाहिजे. आर्थिक फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

ग्रामसभेने वर्षातून एकदा आपल्या दप्तराच्या प्रती कोठे आहेत व किल्ली कोणाकडे आहे, याचा आढावा घेतला, तर वडीलधाऱ्यांचा शब्द पुढील पिढीच्या हाती सुखरूप पोहोचेल.