संदेशांचा क्रम आणि तुटलेली जोडणी

रायपूरहून नागपूरकडे जाणारी आगगाडी डोंगरगडच्या पुढे, बोरतलाव व दरेकसा या स्थानकांच्या दरम्यान, बोगद्यातून जाते. तेथे प्रवाशाच्या भ्रमणध्वनीचा संपर्क तुटू शकतो. समजा, नेमके त्याच वेळी रायपूरहून दोन संदेश निघाले: 'औषध सुरू करा' आणि मागाहून 'औषध थांबवा'. त्यांचा क्रम उलटला, तर अर्थाचा अनर्थ होईल.

२०११ साली प्रमाणित झालेल्या वेबसॉकेट पद्धतीत भ्रमणध्वनी व सर्व्हर यांच्यामध्ये एकच जोडणी उघडी राहते. ती अखंड असेपर्यंत तिच्या तळाशी असलेली टीसीपी ही नियमावली क्रम सांभाळते. जोडणी तुटताच ही हमी संपते. नव्या जोडणीला जुनीची काहीच स्मृती नसते.

म्हणून सत्र आणि जोडणी या दोन गोष्टी भिन्न मानाव्या लागतात. सत्राला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. सर्व्हर प्रत्येक संदेशाला चढता अनुक्रमांक देतो. उपकरणांच्या घड्याळांवर विसंबता येत नाही, कारण ती जुळतीलच असे नाही. पुन्हा जोडणी होताच भ्रमणध्वनी कळवितो, '४१ पर्यंत पोचले'. सर्व्हर ४२ पासून पुढे पाठवितो. दुसऱ्यांदा आलेला क्रमांक टाकून दिला जातो. मधला आला नसेल, तर पुढचा राखून ठेवला जातो. त्यासाठी पोच मिळेपर्यंत सर्व्हरने संदेश जपून ठेवले पाहिजेत.